उजनीत वॉटर स्कीचा स्लॅलम कोर्स टाकायचाय, परवानगी नेमकी कुणाकुणाची?

विजापूरवेस
नमस्कार मंडळी. वाचतोय बरेच दिवस, लिहायची पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरचाच. नोकरीपायी आठ वर्षं अमेरिकेत मिनेसोटात काढली, मागच्या दिवाळीला कायमचा परत आलो. तिथं वॉटर स्कीचा, म्हणजे बोटीमागं दोरी धरून पायातल्या फळीवर (स्कीवर) पाण्यावरनं घसरायचा नाद लागला आणि त्यातही स्लॅलमचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाण्यावर बोये म्हणजे तरंगत्या खुणा टाकून एक आखीव मार्ग करतात, लांबी २५९ मीटर. बोट मधनं सरळ रेषेत जाते आणि मागं दोरी धरलेला माणूस एकाच स्कीवर उभा राहून एकदा डावीकडनं एकदा उजवीकडनं असे सहा बोये बाहेरून वळसा घालून घेतो. हे सहा बोये मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर लांब असतात. शिवाय आत शिरायचं दार, बाहेर पडायचं दार, बोटीला वाट दाखवणारे छोटे बोये, सगळे धरले की २६. स्पर्धेत पुरुषांसाठी बोटीचा वेग जास्तीत जास्त ताशी ५८ किलोमीटर, बायकांसाठी ५५, आणि तो वेग जमला की मग दोरी कमी कमी करत नेतात, सव्वाअठरा मीटरपासून सुरू करून. दोरी सव्वादहा मीटरवर आली की ती बोयापर्यंत पोचतच नाही, उरलेलं अंतर माणसानं अंग झोकून, हात लांबवून भरायचं. ते बघायला एवढं देखणं असतं की एकदा बघितल्यावर माणूस विसरत नाही. इथल्या पोरांना ते बघायला मिळावं, जमलं तर करायला मिळावं, एवढंच मनात होतं.

आता खरी गोष्ट. मार्चमध्ये मी आणि दोन मित्रांनी करमाळ्याच्या बाजूला बॅकवॉटरला शनिवार रविवार दोन दिवसांसाठी कोर्स टाकला. कुणाला विचारलं नाही. रविवारी सकाळी एका मच्छीमार दादांचं जाळं आमच्या खालच्या मुख्य दोरात, ज्याला सगळे बोये बांधलेले असतात त्यात, अडकलं आणि ओढताना चांगलं दहा-बारा हात फाटलं. मी पैसे पुढं केले, त्यांनी घेतले नाहीत. जाळं गोळा करत करत म्हणाले, "आधी विचारायचं होतं की." दुसरं काही बोलले नाहीत, पण मला ते आजपर्यंत लागून राहिलंय.

त्यानंतर ठरवलं, रीतसर परवानगी घेऊनच परत पाण्यात उतरायचं. एका कार्यालयात गेलो, तिथनं दुसऱ्या टेबलाला, तिथनं दुसऱ्याच कार्यालयाला, पाच चकरा झाल्या. सगळीकडं एकच, असा अर्ज आजवर आलेलाच नाही, कोणत्या फायलीला लावायचा. कुणाला माहिती असेल तर सांगा. कुणीतरी हो म्हणावं म्हणून विचारत नाहीये, बरोबर काय आहे ते समजून घ्यायचंय.

सात_रस्ता
भारी लिहिलंय मालक. २५९ मीटर म्हणजे पार्क स्टेडियमच्या मैदानात पण बसायचं नाही. बोट एवढ्या जोरात पळली की लाटा किती उठतात? काठाला त्रास होत नाही का?

पलीकडची_सोलापूरकर
विजापूरवेस, मी अजून मिनेसोटातच आहे, चौदा वर्षं झाली, माहेर बाळीवेस. आमचं घर एका तळ्याकाठी आहे आणि तळ्याच्या रहिवासी मंडळाच्या कमिटीत मी सहा वर्षं काम करतेय, त्यामुळं हे स्लॅलम कोर्सचे अर्ज माझ्या डोळ्यासमोरून गेलेत. तिकडचं सांगते, इकडं ते तसंच्या तसं लागू नाही, पण विचार कसा करतात ते कळेल.

इथं तळ्याचं पाणी सगळ्यांचं. तू बोट घेऊन फिर, स्की कर, कुणी अडवणार नाही. पण पाण्यात एखादी वस्तू बांधून ठेवलीस की गोष्ट बदलते, कारण तेवढी जागा तू बाकीच्यांकडनं काढून घेतलीस. म्हणून कोर्सला किंवा स्कीच्या उडीच्या रॅम्पला काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) शेरीफचा, तिथल्या पोलीसप्रमुखाचा परवाना लागतो. आमच्याकडं येणाऱ्या अर्जाला नकाशा जोडलेला असतो, काठापासून अंतर किती, खोली किती, पोहायची जागा किती लांब, आणि समोरच्या घरवाल्यांना कळवलंय का. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं स्की बंद, ती दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावरच. बोटीत चालवणारा सोडून मागं बघणारा एक माणूस हवा, नाहीतर मोठा रुंद आरसा हवा.

धरणाच्या पाण्याचं वेगळं. आर्मी कोर ऑफ इंजिनिअर्स म्हणजे लष्कराच्या अभियंता विभागाची जी धरणं आहेत तिथं १८९९ चा नद्या आणि बंदरांचा कायदा लागतो, त्याचं दहावं कलम. प्रत्येकानं वेगळा मोठा परवाना काढत बसू नये म्हणून त्यांनी काही सरसकट परवाने करून ठेवलेत, त्यातला अकरा नंबरचा तात्पुरत्या करमणुकीच्या वस्तूंचा आहे, त्यात वॉटर स्कीच्या स्पर्धेचे बोये चक्क नाव घेऊन दिलेत. अट अशी की वापर संपल्यावर तीस दिवसांत सगळं काढायचं. आणि धरणाच्या जलाशयात असेल तर तिथल्या व्यवस्थापकानं प्रत्येक बोया वेगवेगळा मंजूर करायचा. एकेक बोया. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे जाचक वाटलं होतं, आता नाही वाटत. शेजारी कॅनडात खासगी बोयावर पी आर आय व्ही ही चार अक्षरं, मालकाचं नाव, पत्ता, फोन लिहावा लागतो. म्हणजे सुटून वाहत गेला, कुणाला लागला, तर कुणाला धरायचं ते माहीत.

आणि हे खेळाच्या रागानं केलेलं नाही हं. वॉटर स्कीचा जन्मच इथला, १९२२ मध्ये मिनेसोटातल्या लेक सिटी गावच्या राल्फ सॅम्युअलसन नावाच्या पोरानं लेक पेपिनवर पहिल्यांदा करून दाखवलं. ज्यांना खेळाचं कौतुक आहे त्यांच्याच राज्यात हे नियम आहेत.

आमच्या तळ्यावर तीन वर्षांपूर्वी लून पक्ष्याचं घरटं कोर्सच्या टोकाजवळ निघालं. लून हा इथला राज्यपक्षी. कोर्सवाल्यांना आम्ही जाऊन सांगितलं, त्यांनी तक्रार न करता कोर्स पलीकडच्या काठाला सरकवला. पण हे का जमलं, तर त्यांची आमची ओळख आधीपासनं होती. तू मार्चमध्ये जे केलंस त्यात चुकलं ते हेच, बाकी तुझा हेतू चांगला आहे ते दिसतंय.

विजापूरवेस
ताई, मनापासून आभार. चूक कबूल आहे.

सात_रस्ता, लाटेचं सांगतो. स्लॅलमची बोट मुद्दाम कमी लाट उठेल अशी बनवतात, हलकी, बुड सपाट, इंजिन मधोमध, कारण मागच्याला दर वेळी ती लाट आडवी ओलांडायची असते, ती जेवढी लहान तेवढं बरं. वेगात असताना बोट पाण्यावर चढते आणि लाट बसकी होते. मोठ्या लाटा उठवतात त्या वेकसर्फच्या बोटी, त्यात टाक्या भरून पाणी घेतात, वजन वाढवतात. तो प्रकार मला आणायचाच नाही. तरी शिकाऊ माणूस कमी वेगात ओढताना लाट जरा जास्त येते, ते खोटं नाही. कोर्सच्या दोन्ही टोकांना बोट सरळ व्हायला, वळायला जागा लागते, सगळं मिळून सहाशे मीटर तरी सरळ मोकळं पाणी पाहिजे.

नीरा_भीमा
मी पाटबंधाऱ्यातनं शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. उजनीवर आयुष्य गेलं म्हटलं तरी चालेल, म्हणून लिहितो.

उजनीचा जलाशय सार्वजनिक असला तरी बेवारस नाही. धरण कृष्णा खोरे विकास महामंडळाकडं, म्हणजे जलसंपदा विभाग. पूर्ण संचय पातळीपर्यंतची जमीन संपादित आहे, पाणी उतरल्यावर जी उघडी पडते तीसुद्धा सरकारची, तिच्यावर लोक गाळपेर करतात, म्हणजे उघड्या गाळात पीक घेतात. त्यामुळं पाण्यात काही अँकर टाकायचा, दोर बांधायचा तर पहिलं पत्र जलसंपदाला. मासेमारीचं बघायला मत्स्यव्यवसाय विभाग. बोटीसाठी २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे, त्यानं १९१७ चा जुना कायदा गेला, नोंदणी आणि तपासणी त्यात आली, आपल्या राज्यात त्यासाठी मेरीटाइम बोर्डाकडं जायचं. लोकांकडनं पैसे घेऊन शिकवणार असाल तर त्याच साली आलेलं राज्याचं साहसी पर्यटन धोरण लागतं, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी, प्रशिक्षित माणसं, विमा, सगळं. चालकाचं आणि जीवरक्षकाचं प्रशिक्षण गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत मिळतं. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवणं वेगळं. धरणाच्या भिंतीच्या अंगाला मात्र जायचंच नाही, तो प्रतिबंधित भाग आहे, तिथं कुणी हो म्हणणार नाही आणि म्हणूही नये.

आता कागदापेक्षा महत्त्वाचं, पाण्याची पातळी. अमेरिकेतलं तळं वर्षभर जवळपास एका पातळीला राहत असेल, उजनी तशी नाही. पूर्ण भरली की ४९६.८३ मीटर, उपयुक्त साठा संपतो ४९१.०३ ला. म्हणजे जवळपास सहा मीटर तर नेहमीच्या वापरातच खाली येते. एकूण ११७ टीएमसीतले साडेत्रेपन्न उपयुक्त, बाकी मृत साठा, आणि उन्हाळ्यात आपण तोही उचलतो, म्हणून पेपरात उणे टक्के येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात उणे साठच्या जवळ गेली होती. तुम्ही ऑक्टोबरला जो दोर ताणून बांधाल तो फेब्रुवारीत सैल पडेल, बोये भलतीकडं सरकतील, मे महिन्यात अँकर चिखलात उघडा दिसेल. आणि खाली काय आहे ते विसरू नका. जुनी गावं आहेत, घरांच्या भिंती, बांध, विहिरी, बाभळीची खोडं. पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं ते सगळे फोटो काढायला जातात, पण तशा न दिसणाऱ्या भिंती हातभर पाण्याखाली किती आहेत ते तिथल्या माणसालाच माहीत. ताशी साठच्या वेगानं पडलेल्या माणसाला तिथं किमान दोन पुरुष पाणी पाहिजे.

कंदरचा_केळीवाला
काकांनी सगळं बरोबर सांगितलं पण एक राहिलं आणि तेच आमच्यासाठी सगळ्यात मोठं हाय. मोटारी.

बॅकवॉटरच्या काठाला आमच्या पाणी उपसायच्या मोटारी असतात, माझ्या एकट्याच्या दोन, गावच्या मिळून मोजायला बसलात तर दमाल. पाणी मागं सरलं की मोटार पुढं न्यायची, केबल वाढवायची, पाईप जोडायचा, परत पाणी मागं सरलं की परत तेच, चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणायचं, हे जानेवारीपासनं पाऊस पडेपर्यंत चालू असतं. केबल पाण्यावरनं प्लॅस्टिकच्या कॅनवर ठेवलेली असते, काही ठिकाणी सरळ पाण्यातनं जाते. थ्री फेज लाईट हाय आणि तुमच्या बोटीचा पंखा केबलवर बसला तर काय होईल सांगा. पोरगं पाण्यात असेल तर? आणि केबल तुटली तर ऐन मार्च एप्रिलमध्ये माझी केळी आठ दिवस पाण्याविना राहिली की घड बारीक पडतो, कंटेनरचा माल राहत नाही, लोकल रेटनं द्यावा लागतो. केळीचा सगळा खर्च आधी होऊन गेलेला असतो.

मी खेळाच्या विरोधात नाही. माझा पोरगा पोहण्यात जिल्ह्याला खेळलाय, त्याला असलं काही मिळालं तर मी स्वतः घेऊन येईन. पण काठापासनं किती लांब, कोणत्या महिन्यात, ते आमच्याबरोबर बसून ठरवा. नकाशावर निळा रंग दिसला म्हणजे मोकळं पाणी हाय असं नसतंय.

विजापूरवेस
दादा, मोटारीचं मला खरंच एवढं माहीत नव्हतं. आम्ही मार्चमध्ये टाकला तेव्हा काठापासनं अंदाजे शंभर मीटरवर होतो आणि दोन कॅन तरंगताना दिसले होते, मला वाटलं कुणाचे वाहत आलेत. आता वाचून अंगावर काटा आला.

हिप्परगा_रोड
उजनीला एवढी कटकट असेल तर हिप्परग्याला का नाही? तुळजापूर रोडला, शहरापासनं जवळ, पोरं सकाळी येऊन जातील. नाहीतर संभाजी तलाव आहेच की विजापूर रोडला.

नीरा_भीमा
हिप्परगा म्हणजे एकरूख तलाव, १८७१ चा. दीडशे वर्षांपूर्वीचं मातीचं धरण आहे ते, आणि शहराला त्यातनं पिण्याचं पाणी जातं. त्यात पेट्रोलचं इंजिन सोडायला मी तरी कधी शिफारस केली नसती. शिवाय कमी पावसाच्या वर्षी तळ दिसतो. संभाजी तलाव आणि सिद्धेश्वर तलाव या मापाला पुरत नाहीत, आणि सिद्धेश्वर हे देवस्थान आहे, तिथं हा विषयच नको.

अक्कलकोट_नाका
मला थोडं वेगळं बोलायचंय, राग मानू नका. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. माझी आई रात्री दोनला उठून भरते कारण वेळ तीच असते. तेच उजनीचं पाणी. त्या पाण्यावर बोट पळवायचा खेळ म्हटल्यावर पोटात तुटतं. खेळानं पाणी संपत नाही ते मला कळतं, पण बोटीचं तेल, पेट्रोल सांडलं तर? बोट कुणाच्या खिशातनं येणार, त्यात आमच्यासारख्यांची पोरं बसणार का? हे आधी सांगा, मग परवानगीचं बोलू.

विजापूरवेस
दादा, राग कसला. हा प्रश्न कुणी विचारला नसता तर मला धागा अर्धवट वाटला असता.

पेट्रोलचं सांगतो. पाण्यात किंवा काठाला टाकी भरायची नाही, बोट ट्रेलरवर रस्त्याला असतानाच भरायची. फोर स्ट्रोक इंजिनच, टू स्ट्रोक नाही, कारण त्यात ऑईल पेट्रोलमध्ये मिसळून जळतं आणि न जळालेलं पाण्यात उतरतं. बोटीच्या बुडात साचलेलं पाणी तिथंच बाहेर सोडायचं नाही. एवढं मी लिहून देऊ शकतो. बोट सेकंड हँड आहे, तिघांनी मिळून घेतलीय, कर्ज आहे. पैसे लावून शिकवायचा विचार तूर्त नाही. कोर्सच्या आधी पोहायला येणारी, लाईफ जॅकेटची सवय असलेली आठ-दहा पोरं तयार करायचीत आणि ती बॅकवॉटरच्या गावांतलीच असावीत असं वाटतं, कारण पाण्याशी त्यांची ओळख आमच्यापेक्षा जुनी आहे. आईंना रात्री दोनला उठावं लागतं, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

पाणपक्षी
भिगवण, कुंभारगावला पंधरा वर्षं पक्षी बघायला जातोय. माझी विनंती महिन्यांबद्दल आहे.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो उथळ चिखलात चरतात, तुमचा कोर्स खोल पाण्यात, म्हणून त्यांना धक्का नाही असं वाटेल. पण हिवाळ्यात येणारी बदकं आणि पट्टकदंब (रानहंस) दिवसा उघड्या पाण्यावर झुंडीनं विश्रांती घेतात, रात्री चरायला शेतात आणि काठाला जातात. दिवसात चार वेळा बोटीनं उठवलं तर ती जागा सोडतात, आणि हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला ती विश्रांतीच महत्त्वाची. उन्हाळ्यात वेगळी अडचण. पाणी उतरलं की जी बेटं उघडी पडतात त्यावर नदीसुरय अंडी घालतो, उघड्या वाळूवर, पाण्यापासनं वीतभर उंचीवर. बोटीची एक लाट पुरते.

२०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून पाटबंधाऱ्यासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळलेत. त्यामुळं मी कायदा दाखवून तुम्हाला अडवू शकत नाही, विनंतीच करतोय.

नीरा_भीमा
मग महिने मोजू. जुलै ते सप्टेंबर धरण भरत असतं, पुराचं पाणी येतं, वाहून आलेली झाडं, ओंडके असतात, कधी विसर्ग सुरू होईल सांगता येत नाही, ते महिने बाद. डिसेंबरपासनं पक्षी. जानेवारीपासनं मोटारी पुढं सरकायला लागतात. मार्च ते मे मोटारी आणि अंडी दोन्ही, शिवाय खालच्या भिंती वर येतात, वळवाचा वारा सुटतो. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली, ते या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. पाणी भरलेलं, वारा शांत, मोटारी काठाला, पक्षी अजून यायचे, असा काळ म्हणजे दसऱ्याच्या आसपासपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. पाच-सहा आठवडे. तेही धरण भरलं तर. न भरलेल्या वर्षी अर्जच करू नये.

सात_रस्ता
पाच-सहा आठवड्यांसाठी एवढा खटाटोप, कर्ज काढून?

विजापूरवेस
हो. मिनेसोटात तरी तळी गोठलेली असतात, वर्षातले चार-पाच महिनेच पाणी मिळायचं, त्यात पण लोक करतात की. पाच आठवडे मला पुरेत.

वांगीचा_भोई
मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हाय सोलापुरात, वडील आणि चुलते उजनीत मासेमारी करतात. ज्यांचं जाळं फाटलं ते आमचे नात्यातले. त्यांच्याकडनं ऐकलं होतं, आज इथं दुसरी बाजू वाचली.

आमची पद्धत अशी, संध्याकाळी जाळं सोडायचं, पहाटे अंधारात उचलायचं, दिवस उजाडता काठाला, माल टेंपोत. जाळ्याला खूण म्हणून थर्माकोल नाहीतर रिकामी बाटली. आता तुमचे २६ रंगीत बोये तिथं तरंगत असले की पहाटे बॅटरीच्या उजेडात कुणाचं जाळं आणि कुणाचा बोया कळत नाही, म्हणून माणूस जवळ जातो आणि अडकतो. एक जाळं विणून, शिसं ओवून तयार व्हायला किती दिवस जातात ते विचारा कधी घरातल्या बायकांना. चिलापीला भाव काय मिळतो ते पण विचारा, मग कळेल दहा-बारा हात जाळं म्हणजे किती.

दादा तुमची भाषा मला पटली म्हणून लिहितोय. पण परवानगी सरकारची काढली आणि आम्हाला नंतर कळलं, तर कागद असून पण ते चुकीचंच राहणार.

विजापूरवेस
भाऊ, तुम्ही लिहिलंत हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं आहे. बाबांना आणि काकांना माझा नमस्कार सांगा.

एक उपाय डोक्यात होता, तो सांगतो, चूक असेल तर सांगा. बुडणारा कोर्स मिळतो. त्याच्या आडव्या दांड्या पोकळ पीव्हीसी पाईपच्या असतात, काठावरनं नळीनं हवा भरली की सगळे बोये वर येतात, खेळ झाला की हवा सोडायची, पाईपात पाणी शिरतं आणि सगळा कोर्स खाली जातो. वर काहीच दिसत नाही, होड्यांना अडथळा नाही.

वांगीचा_भोई
होडीला अडथळा नाही, जाळ्याला हाय. आमचं जाळं वरनं खालपर्यंत पडद्यासारखं उभं असतं. तुमचा दोर खाली गेला म्हणजे आता तर दिसणार पण नाही, आणि अडकणार तसाच. आधी निदान बोया बघून लांब राहता येत होतं. बुडवलेला त्याहून वाईट.

पलीकडची_सोलापूरकर
हे फार महत्त्वाचं बोललास रे. आमच्याकडं बुडणारा कोर्स सगळ्यांना आवडतो कारण इथं तळ्यात असली उभी जाळी कुणी टाकत नाही, गळानं मासे धरतात. तिकडचा उपाय इकडं आणला की असं होतं. विजापूरवेस, हा विचार सोडून दे.

विजापूरवेस
सोडला. बरोबर आहे, मी फक्त पृष्ठभागाचा विचार करत होतो.

मग राहतो तो गुंडाळायचा कोर्स. मुख्य दोर आणि दांड्या मोठ्या रिळावर गुंडाळता येतात, दोन होड्या आणि चार माणसं असली की टाकायला तासभर, काढायला त्याहून कमी. शनिवारी सकाळी नऊला, तुमची जाळी उचलून झाल्यावर टाकायचा, दुपारी तीनला काढून काठावर. रविवारी परत. रात्री पाण्यात आमची एक दोरी राहणार नाही, अँकरसुद्धा नाही. दमायला होईल, पण जमेल.

वांगीचा_भोई
हे चालेल असं मला वाटतं. पण मी एकटा कोण ठरवणार, मच्छीमार सोसायटीत बोलावं लागंल.

कंदरचा_केळीवाला
अन् काठापासनं तीनशे मीटर. केबल दिसल्या नाहीत तरी तीनशे. तेवढं असलं तर आमच्या बाजूनं मी बोलतो गावात.

नीरा_भीमा
अर्ज असा करा. वर विषय स्पष्ट, तात्पुरता, फक्त दिवसा, कायमचं बांधकाम नाही. सोबत नकाशा, चार कोपऱ्यांचे अक्षांश रेखांश, पातळी ४९५ च्या खाली गेली की आपणहून बंद असं लिहा, तारीख टाकून. अमेरिकेतली तीस दिवसांची अट आहे त्याऐवजी तुम्ही रोज काढणार हे लिहा. प्रत्येक बोयावर नाव आणि फोन, ते कॅनडाचं मला आवडलं. बोटीची नोंदणी, विमा, चालकाचं प्रमाणपत्र यांच्या प्रती जोडा, नसतील तर आधी ती कामं करा आणि मग अर्ज. जलसंपदाला मूळ प्रत, मत्स्यव्यवसाय, तहसील, पोलीस ठाणे, ग्रामपंचायत यांना माहितीसाठी, आणि प्रत्येक ठिकाणी आवक नंबर घ्या. आणि सगळ्यात वर, पहिलं जोडपत्र म्हणून, मच्छीमार सोसायटीचं आणि मोटारवाल्यांचं सहीचं पत्र लावा. टेबलावरच्या माणसाला असा अर्ज पहिल्यांदाच आलेला असतो, त्याला भीती एकच असते, उद्या तक्रार आली तर काय. ज्यांची तक्रार येऊ शकते त्यांच्याच सह्या वर दिसल्या की तो निदान फाईल उघडतो. मसुदा मला पाठवा, बघून देतो.

अक्कलकोट_नाका
गावातल्या पोरांना आधी शिकवणार म्हणालात ते पण अर्जात लिहा. लिहिलेलं राहतं.

पाणपक्षी
नोव्हेंबर १५ ही शेवटची तारीख लिहिलीत तर आमच्या गटाकडनं पाठिंब्याचं पत्र देतो. पहिल्या दिवशी दुर्बीण घेऊन काठावर बसायला पण येईन, झुंड उठते का ते बघून नोंद ठेवू.

विजापूरवेस
सगळ्यांचे आभार, कसे मानू कळत नाही. १५ नोव्हेंबर, तीनशे मीटर, नऊ ते तीन, रोज काढणे, पातळी ४९५, बोयावर फोन, पोरांचं शिकवणं, सगळं लिहितोय. बोटीची नोंदणी अजून व्हायचीय, ती झाल्याशिवाय अर्ज देणार नाही, म्हणजे यंदाचा दसरा बहुतेक हुकणार. हुकू दे.

आत्ता भाऊंकडनं नंबर घेऊन ज्यांचं जाळं फाटलं त्या दादांना फोन केला. बोलणं अवघडल्यासारखं झालं सुरुवातीला, मग त्यांनीच कोर्सबद्दल विचारलं, दोर किती जाडीचा, खाली किती हातावर असतो, दांड्या लवचिक आहेत का. येत्या रविवारी सकाळी दहाला वांगीत सोसायटीची माणसं भेटणार आहेत, केळीवाले दादा कंदरहून येतायत, काका टेंभुर्णीपर्यंत एसटीनं येतील तिथनं मी घेईन, अजून कुणाला यायचं असेल तर इथं सांगा, गाडीत दोन जागा आहेत. नकाशा आणतो म्हटलं तर ते दादा म्हणाले, नकाशा राहू द्या, तो दोर घेऊन या, पाण्यात टाकून बघू आणि मग सांगतो.